छोट्या जोडीचं पुढे काय करायचं: पणजीतला एक पोकर वर्ग

हातात पंजीची जोडी आहे आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरी पंजी आली नाही. आता काय करायचं? पोकर शिकवणारे बहुतेक जण याचं उत्तर एका वाक्यात देतात: सेट (हातातल्या जोडीला टेबलावर तिसरा तसाच पत्ता) लागला नाही, पत्ते टाका, म्हणजे डाव सोडा. मी पैसे भरून घेतलेल्या एका व्हिडिओ कोर्सातही एवढंच होतं, आणि पुढचा धडा लगेच एक्का-राजावर गेला होता. हिशेब मांडला की या सल्ल्यातली उणीव कळते. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगलं काही लागण्याची शक्यता 11.76 टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. उरलेल्या साडेसात वेळा तो सल्ला तुम्हाला फक्त उठून जायला सांगतो. पणजीच्या मळा भागातल्या एका घरी भरणारा हा वर्ग त्या साडेसात वेळांचा आहे, आणि म्हणून मी त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

मी डिचोली तालुक्यात उच्च माध्यमिकच्या मुलांना गणित शिकवते. आमच्या घरी चवथीला आरती-भजन आटोपलं की माटोळीच्या खोलीबाहेर सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. आधी बदाम सात, मेंढीकोट असायचं. आता भाचरांमुळे पोकर आलाय, चिप्सच्या जागी चिंचोके. मांडवीतल्या जहाजांवर मला खेळता येत नाही, कारण फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. (या जहाजांना परवानगी मिळाली ती 1976 च्या जुगार कायद्यात 1996 साली झालेल्या दुरुस्तीमुळे. 1992 च्या दुरुस्तीनं त्याआधी पंचतारांकित हॉटेलांत मशिनं आली होती.) माझा मामेभाऊ कुडाळचा, त्याला जाता येतं आणि तो अधूनमधून जातो. या वर्गाचा पत्ता त्यानंच आणला. "ताई, हे सर तुझ्यासारखेच फळ्यावर मांडून दाखवतात, चल," म्हणाला. त्याला टेबलावर उपयोग हवा होता, मला हिशेब समजून घ्यायचा होता. दोघांनाही जे हवं होतं ते मिळालं.

सर जहाजावर डीलर होते, आता निवृत्त आहेत. डीलरला स्वतः खेळायचं नसतं, नुसतं वाटायचं आणि बघायचं. त्यामुळे त्यांच्याकडे जिंकल्या-हरल्याच्या गोष्टी नाहीत. लोक काय करतात आणि त्याचं काय होतं, याची मात्र विलक्षण आठवण आहे. वर्ग तीन संध्याकाळी चालतो, दर संध्याकाळी अडीच तास. बाहेरच्या खोलीत हिरव्या कापडाचं लांबट टेबल आहे, त्याभोवती आठच खुर्च्या, आणि आठाच्या वर ते कुणाला घेत नाहीत. पैसे लावायचे नाहीत हा पहिला नियम. चिप्स नुसत्या मोजायला असतात. एका मुलानं मधेच "थोडे थोडे लावूया का?" विचारलं तर सरांनी शांतपणे पत्ते गोळा केले आणि तो विषय कायमचा संपवला. मला हे फार आवडलं. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत झाला आणि पैसे लावून पोकर खेळवणारी ॲप्स थांबली. त्यानंतर डोकं शांत ठेवून, काहीही न गमावता, समोरासमोर सराव करायला अशी जागा मिळणं याची किंमत वाढली आहे.

पहिली संध्याकाळ मोजण्यात जाते. कुठलीही ठरावीक जोडी सहा प्रकारे येते. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते उचलायचे 1326 प्रकार, त्यातले 78 जोडीचे, म्हणजे सतरा हातांत एकदा जोडी. हे मला पाठ होतं. जे कधी मोजलं नव्हतं ते सरांनी मोजायला लावलं: हातात पंजीची जोडी असेल तर शंभरातल्या 98 फ्लॉपवर तिच्याहून मोठा निदान एक पत्ता असतोच. समोर राजा दिसला की हात गळणारी माणसं आठात सहा होती. सर म्हणाले, "मोठा पत्ता दिसणारच आहे. तो कुठला आहे, आणि समोरच्याकडे तो असण्याची शक्यता किती, एवढंच विचारा." पुढच्या दोन्ही संध्याकाळी या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

दुसरी संध्याकाळ म्हणजे या वर्गाचा जीव. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स) एक आणि दोन, प्रत्येकासमोर 200 चिप्स. मधल्या जागेवरून एकानं वाढवून सहा केले, आपण बटनवर (सगळ्यात शेवटी निर्णय घ्यायच्या जागेवर) पंजीची जोडी घेऊन कॉल केलं, म्हणजे तेवढेच भरले, ब्लाइंडवाल्या दोघांनी पत्ते टाकले. मधे जमलेला पॉट 15. फ्लॉप आला किल्वर राजा, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. समोरचा पाच चिप्सची बेट लावतो. व्हिडिओ कोर्स म्हणतो, पत्ते टाका.

सरांनी काय केलं, तर दुसरी गड्डी फोडून समोरच्याचे हात, म्हणजे त्याच्याकडे असू शकणारे दोन-दोन पत्ते, खरोखर टेबलावर मांडायला लावले. एक्का-राजा आणि राजा-राणी: एक राजा फ्लॉपवर गेलेला, म्हणून प्रत्येकी 12 प्रकार. एक्का-राणी, एक्का-गुलाम, राणी-गुलाम: प्रत्येकी 16. छक्कीपासून राणीपर्यंतच्या मोठ्या जोड्या, सत्ती सोडून, प्रत्येकी सहा. सत्तीची आणि राजाची तीन-तीन, एक्क्यांची सहा. बेरीज आम्हीच केली. एवढेच हात धरले तर एकूण 120, त्यातले 72 आपल्या पुढे आणि 48 मागे. म्हणजे शंभरातल्या 40 वेळा आपली ती बारकी पंजीची जोडी या क्षणी पुढे आहे. आणि कॉलला लागतं किती? पाच भरून 25 चा पॉट जिंकायचा, म्हणजे 20 टक्के. पत्ते टाकायचा प्रश्नच येत नाही.

इथं शिकवणं थांबलं असतं तरी चाललं असतं, पण सरांनी लगेच ब्रेक लावला. ते 40 टक्के आत्ताचे आहेत. मागे असलेल्या एक्का-राणीकडे अजून सहा पत्ते आहेत, तीन एक्के आणि तीन राण्या. दोन पत्ते येईपर्यंत चारात एकदा ती आपल्याला गाठते. आपण मागे असू तर आपल्याकडे फक्त दोन पंज्या. शिवाय पुढे टर्नवर आणि रिव्हरवर (टेबलावरच्या चौथ्या आणि पाचव्या पत्त्यावर) आणखी बेट येऊ शकतात, त्यांची किंमत या 20 टक्क्यांत धरलेली नाही. म्हणून कॉल करायचं ते एकदा. टर्नवर समोरच्यानं 25 च्या पॉटमध्ये 20 टाकले तर आता 31 टक्के लागतात, आणि दुसऱ्यांदा मोठी बेट मारणाऱ्यांत एक्का-राणीवाले गळून राजावाले जास्त उरलेले असतात. आता सोडायचं, शांतपणे. टर्नवर तो चेक करून, म्हणजे काही न लावता, गप्प बसला तर बहुतेक वेळा आपण फुकटात पत्ते उघडेपर्यंत पोचतो.

हे वाचून कुणी प्रत्येक फ्लॉपवर पंजी धरून बसू नये, म्हणून पुढचाच हात त्यांनी उलटा लावला. तीच पंजीची जोडी, तोच समोरचा माणूस, फ्लॉप राणी, गुलाम, नव्वी. इथं एक्का-राजा आपल्या मागे आहे, पण त्याच्याकडे तीन एक्के, तीन राजे आणि वर चार दश्श्या आहेत, कारण दश्शी आली की त्याची सलग रांग पूर्ण होते. दहा पत्ते. दोन संधींत ते 40 टक्के होतात. ज्याला आपण हरवतो आहोत म्हणतो तोच जवळजवळ निम्म्या वेळा उलटतो, आणि ज्यांना आधीच लागलंय त्यांची संख्याही इथं जास्त. पहिल्याच बेटला पत्ते खाली. समोरची बेट तेवढीच, हातातले पत्ते तेच, निर्णय पूर्ण वेगळा. भाऊ जहाजावर बरीच वर्षं खेळतोय, तोही या हाताला टेबलावर हात आपटून "बरोबर, बरोबर" म्हणाला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावला तो यानंतरचा मुद्दा, कारण तो मी कुठेच वाचला नव्हता. फ्लॉप राजा, अठ्ठी, दुर्री. एकाच्या हातात पंजीची जोडी, दुसऱ्याच्या हातात अठ्ठी-सत्ती. समोरच्याकडे एक्का-राणी असेल तर दोघंही पुढे, राजा असेल तर दोघंही मागे. मग दोघांचा हात सारखाच का? आठातल्या सात जणांनी पंजीला पसंती दिली, जोडी हातात लपलेली म्हणून. सरांनी फळ्यावर फक्त सुटायचे पत्ते लिहिले, म्हणजे जे आले तर मागचा हात पुढे जातो ते. समोर एक्का-राजा असेल तर अठ्ठीवाल्याकडे दोन अठ्ठ्या आणि तीन सत्त्या, असे पाच, पंजीवाल्याकडे दोन. पाच पत्त्यांना दोन संधींत 21 टक्के, दोन पत्त्यांना नऊसुद्धा नाहीत. म्हणून समोरचा दमदार बेट मारत असेल आणि आपल्याकडचे काही हातच ठेवायचे असतील, तर अठ्ठी-सत्ती ठेवावी, पंजीची जोडी आधी सोडावी. अकरावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना इतकं स्वच्छ उदाहरण मला आजवर मिळालं नव्हतं. ते मी पत्त्यांऐवजी रंगीत गोट्या घेऊन वर्गात वापरणार आहे.

चेक आला तर काय, हे त्यांनी थोडक्यात पण नेमकं सांगितलं. राजा-सत्ती-दुर्रीवर समोरचा चेक करतो, तेव्हा आपण पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी छोटी बेट टाकावी. एक्का-राणीवाल्यानं पत्ते टाकले तर त्याचे ते सहा पत्ते कायमचे मिटले. आपण चेक केलं तर त्याला तेच पत्ते फुकट मिळतात. मोठ्या जोडीला एक पत्ता फुकट दिला तरी फारसं बिघडत नाही, छोट्या जोडीला प्रत्येक फुकट पत्ता महाग पडतो.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना दिसतच नाही. हातात तिर्रीची जोडी, टेबलावर गुलाम, नव्वी, नव्वी. सगळं बरं चाललंय. टर्नवर दुसरा गुलाम येतो. समोरच्याकडे नुसता एक्का असेल, काहीही जुळलेलं नसेल, तरी आता तो जिंकतो: टेबलावरच्या दोन जोड्या दोघांच्याही झाल्या, तिर्रीची जोडी पाच पत्त्यांत बसतच नाही आणि एक्का मोठा ठरतो. सरांनी हा हात वाटला तेव्हा दोघे जण आपण हरलो कसे हे बघत बसले होते. फ्लॉपवरच जोडी पडली असेल तर दुर्री-तिर्रीच्या जोडीला हा धोका कायम असतो, म्हणून तिथं लवकर पॉट जिंकायचा प्रयत्न करावा किंवा फार पैसे अडकवू नयेत.

तिसरी संध्याकाळ सेट लागल्यावरची. लोकांना वाटतं हा सोपा भाग, आणि याच भागात जहाजावर सगळ्यात जास्त पैसे सुटताना पाहिले असं सर म्हणाले. सेट लागला की माणूस लपतो: चेक, कॉल, चेक. सरांनी पुन्हा 15 चा पॉट घेतला. दोघांकडे 194 उरलेत. हे सगळे मधे यावेत असं वाटत असेल तर तीन बेट किती असाव्यात? त्यांनी मला विचारलं, मी फळ्यावर लिहिलं: 15, मग 45, मग 135. प्रत्येक वेळी पॉटएवढी बेट, प्रत्येक वेळी पॉट तिप्पट, बेरीज 195. उरलेल्या चिप्सशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. आता फ्लॉपवर एकदा लपून चेक करा. उरलेल्या दोन बेटमध्ये तेच पैसे मधे आणायचे तर प्रत्येक बेट पॉटच्या दुपटीहून मोठी लागते, आणि तेवढी बेट बघून साधा राजावाला पळतो. एका चेकची किंमत इतकी असते. मांडी घालून बसलेल्या एका आजोबांनी, ते फोंड्याहून येत, "अरे देवा," एवढंच म्हटलं.

बदामाच्या दोन पत्त्यांचा फ्लॉप असेल, समजा बदाम दश्शी, बदाम नव्वी, किल्वर छक्की आणि आपल्याकडे छक्कीची जोडी, तर लपणं आणखी वाईट. बदामाचे पाच पत्ते व्हायची वाट बघणारा साधारण चारात एकदा आपल्याला मागे टाकतो, आणि ते बघायची पुरेपूर किंमत त्याच्याकडून घ्यायची वेळ हीच. आपल्यालाही फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) किंवा त्याहून वर जायची संधी आहे, दोन पत्त्यांत जवळपास तीनात एकदा, म्हणून पुढे वाईट पत्ता आला तरी घाबरून टाकायचं नसतं. सेटसमोर मोठा सेट निघेल ही भीती काहींच्या मनात फार होती. दोघांच्या हातात वेगवेगळ्या जोड्या असताना दोघांनाही फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता एक टक्का. सर म्हणाले, इतक्या क्वचित होणाऱ्या गोष्टीसाठी बाकीच्या सगळ्या वेळा कमी पैसे घेणार का?

फ्लॉपच्या आधीचा एक मुद्दाही याच संध्याकाळी आला, आणि तो यायलाच हवा, कारण नंतरचं सगळं त्यावर उभं आहे. फक्त सेटच्या आशेवर कॉल करायचं असेल तर समोरच्याकडे त्या कॉलच्या निदान पंधरा पट चिप्स असाव्यात. साडेआठात एकदाच लागतं, आणि लागलं तरी दर वेळी समोरचा सगळं देतोच असं नाही. सहाच्या कॉलला 200 उरलेले असतील तर ठीक. सहाच्या कॉलला 60 उरलेले असतील, किंवा वाढत वाढत कॉल वीसवर गेला आणि मागे 200 च असतील, तर पंजीची जोडी घडी घालून परत करावी.

आता उणिवा, कारण त्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे तिघे-चौघे पॉटमध्ये असताना काय करायचं, हे शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकलं. जहाजावर आणि घरच्या टेबलावर दोघांतच पॉट राहतो असं क्वचित होतं, इथं चौघे चौघे कॉल करतात. न जुळलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास. समोर दोघं असतील तर दोघांपैकी कुणा एकाला तरी लागण्याची शक्यता निम्म्याच्या पुढे जाते, 54 च्या घरात. म्हणजे दुसऱ्या संध्याकाळचा राजा-सत्ती-दुर्रीवरचा तो सुंदर कॉल तीन जणांत बऱ्याच वेळा टिकत नाही. हे सरांनी सांगितलं, पण दुसऱ्या संध्याकाळसारखं पत्ते मांडून दाखवलं नाही, आणि नुसतं ऐकलेलं टेबलावर आठवत नाही. याला एक अख्खी संध्याकाळ हवी. मी तसं त्यांना स्पष्ट सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुसरं, हातात देतात ती टिपणं इंग्रजीत आहेत. बोलणं सगळं मराठीत, मधे मधे कोंकणी, आणि घरी न्यायला कागद मात्र इंग्रजी. फोंड्याच्या आजोबांना त्याचा काही उपयोग नव्हता. आकडे मराठीत लिहायला मी मदत करीन म्हटलंय.

जागेबद्दल थोडं. मळ्यात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, डिचोलीहून येताना मी बसनं पणजी बसस्टँडवर उतरून चालत जात असे. पावसाळ्यात वीज गेली तर टेबलावर उजेड पुरत नाही आणि काळ्या रंगाचे पत्ते ओळखायला वेळ लागतो. मधल्या सुट्टीत वहिनी बन्स आणि चहा देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तीन संध्याकाळींचे मिळून साडेचार हजार घेतात. त्या व्हिडिओ कोर्सापेक्षा हे जास्त आहेत, आणि मला ते रास्त वाटले, कारण प्रत्येक हात आपल्यासमोर वाटला जातो, चुकीचा निर्णय घेतला की सर तोच फ्लॉप पुन्हा लावतात आणि समोरचा माणूस बदलून दाखवतात.

कुणी जावं? ज्याला पत्त्यांची क्रमवारी, ब्लाइंड, पोझिशन एवढं येतं त्यानं. अगदी कोरा माणूस दुसऱ्या संध्याकाळी हरवेल. चिप्स कमी उरल्यावर छोटी जोडी घेऊन सगळं आत ढकलायचं की नाही, हा स्पर्धांतला प्रश्न इथं घेतला जात नाही, त्यासाठी येऊ नका. गोव्याबाहेरून येऊन एक-दोन रात्री जहाजावर घालवणाऱ्या मराठी मंडळींनी आधी इथं तीन संध्याकाळी द्याव्यात असं मी मनापासून सांगेन. नाव नोंदवताना "तिघांच्या पॉटचे हात जास्त घ्या" असं आधीच सांगून ठेवा. पाच-सहा जणांनी मागितलं तर चौथी संध्याकाळ लावायची सरांची तयारी आहे.